मनगटावरचा हिरवा उजेड

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ह्यांची दोन बोटं पुन्हा पिकली. सकाळी सुई टोचायची, मग तेच बोट दिवसभर धरणाच्या पाण्यात, जाळ्याच्या दोऱ्यात, माशाच्या काट्यात — बरं होणार कधी? हळद लावायला गेले तर हात ओढून घेतला. म्हणाले, इन्शुलिन घेतो, पण उद्यापासून बोट टोचणार नाही.

मागच्या वर्षी परभणीच्या डॉक्टरांनी निदान केलं तेव्हापासून घरात दोन सुया आल्या. एक पोटाची, एक बोटाची. पोटाच्या सुईतून औषध जातं, बोटाच्या सुईनं शुगर कळते. हे बोटाच्या सुईला वैतागलेत. मला सुईचं काही वाटत नाही. मला भीती आहे ती शुगर उतरण्याची. सुरुवातीला एकदा ओसरीवर बसल्या बसल्या ह्यांची नजर अशी झाली की मलाच ओळखेनात! साखर चारली, मग माणसात आले. ओसरीवर होते म्हणून निभावलं.

पाण्यावर हे एकटेच असतात. थर्माकोलचा तराफा, एक वल्हं, एक जाळं. खाली येलदरी धरणाचं एवढं पाणी.

१६ नोव्हेंबर

तराफा परत येताना दिसेपर्यंत काठावर उभी होते. कालचे मासे टोपलीत तसेच, बाजाराला उशीर झाला, गिऱ्हाइकं गेली. कोळणी आपसात हसत होत्या — "महारुद्रची राखण करायलीय." हसू दे.

१७ नोव्हेंबर

आजही उभी राहिले. घास उतरत नाही हल्ली.

२० नोव्हेंबर

भुजंग भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, चाकणला कंपनीत असतात. ह्यांच्यासाठी घड्याळ आणलं! साधं नाही. मागच्या बाजूला काच आहे, तिच्यातून हिरवा उजेड पडतो, मधूनच लाल. तो उजेड म्हणे कातडीतून आत जातो, रक्तातली साखर ओळखतो आणि वर आकडा दाखवतो. टोचायचं नाही, रक्त काढायचं नाही. भाऊजींनी मोबाईलवर जाहिरातही दाखवली. पांढऱ्या कोटातला एक माणूस फार गोड बोलत होता.

ह्यांनी मनगटाला बांधलं. थोडा वेळ उजेड लुकलुकला, मग आकडा आला — ११२. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घड्याळालाच हात जोडले. मी वरून हसले. मनातून मीही जोडले.

२१ नोव्हेंबर

११५. दोन भाकरी खाल्ल्या मी आज.

२७ नोव्हेंबर

आठवडाभर काठावर गेले नाही. सरळ टोपली घेऊन जिंतूरच्या बाजारात. आज मरळ मासे चांगले होते, लवकर खपले. हे घरी आले की मी विचारायच्या आधीच मनगट पुढे करतात. ११८. १०९. १२१. बोटं भरून आली आहेत. काल रात्री जेवताना मी काहीतरी बोलून मोठ्यानं हसले, तर हे माझ्याकडे बघतच राहिले.

भीती अशी एकदम जाते का? गेलीय खरी.

३ डिसेंबर

आज हे आले तर सदरा ओला. पाण्यानं नाही, घामानं. एवढ्या थंडीत! चेहराही उतरलेला. मी बघतच राहिले तर म्हणाले, वारं उलटं होतं, वल्हं मारून मारून जीव गेला. मनगट पुढे केलं. ११६.

मग बरं.

५ डिसेंबर

हे आंघोळीला गेले तेव्हा घड्याळ चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं होतं. मी खाली बटाटे चिरत बसले होते. वर बघितलं तर कोनाड्यात हिरवा उजेड. मनगट नाही, माणूस नाही, आणि हे काय मोजतंय? उगाच मनात आलं म्हणून मोठासा बटाटा घेतला, त्याला घड्याळाचा पट्टा आवळला.

उजेड लुकलुकला. आकडा आला. १०७.

पुन्हा केलं. १११. मग ओलं फडकं गुंडाळून त्याला बांधलं. ११४.

एवढे दिवस ह्या आकड्यांच्या भरवशावर मी बाजारात बसून मासे विकत होते. आणि हे पाण्यावर!

हे बाहेर आल्यावर करून दाखवलं, त्यांच्यासमोर. बटाट्याकडे बघितलं, पट्टा सोडून घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं. मग हसले. "बटाट्यात बी साखर असतीच की." आत्याबाईही हसल्या. मला हसू आलं नाही.

६ डिसेंबर

जिंतूरच्या दवाखान्यातल्या रुख्मिणी सिस्टरना जाऊन भेटले. घड्याळाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांनी असलं घड्याळ वापरलेलं नाही, पण बटाट्याला शुगर निघत असेल तर माणसाच्या आकड्यावर कसा विश्वास ठेवायचा. रक्ताच्या थेंबाशिवाय भरवसा नको. बोटाच्या टोकाला टोचू नका, कडेला टोचा, जाळ्याला लागत नाही — हेही सांगितलं.

मी विचारलं, माणूस शुद्धीत नसेल तर काय करायचं? म्हणाल्या, तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून जीव जाईल. कुशीवर वळवायचं, गूळ नाहीतर साखर भिजवून बोटानं गालाच्या आत चोळायची, आणि तसंच गाडीत घालून दवाखान्यात आणायचं.

हे सगळं ऐकताना मला तो तराफा दिसत होता. त्याच्यावर गाडी कुठून आणू?

७ डिसेंबर

भांडण झालं. मी बोट टोचायची मशीन समोर ठेवली, म्हटलं एकदा बघा, नुसतं एकदा. आधी नको म्हणाले, मग चिडले. एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते.

"तुझ्या भीतीपायी मला जगू देणार हायस का न्हाई?"

मशीन परत डब्यात ठेवली.

८ डिसेंबर

बोलणं बंद. सकाळी घड्याळ बांधूनच गेले.

१० डिसेंबर

पुन्हा काठावर. पदराला गूळ बांधून घेते. कोळणी आता हसतही नाहीत, मान फिरवतात. ते बरं की वाईट?

हे तराफ्यावरून मला बघतात आणि बघितलं नाही असं करतात.

१२ डिसेंबर

कालचं लिहिते. जिंतूरच्या दवाखान्यात, ह्यांच्या खाटेजवळ बसून. हे झोपलेत. छाती वरखाली होते आहे, दर ओळीला मान वर करून बघते.

काल सकाळी वारं होतं. सगळे तराफे परत आले होते, हे तेवढे मध्ये, पाण्यात बुडालेल्या झाडांच्या खोडांजवळ. तराफा जागच्या जागी गोल फिरत होता. वल्हं वर येत नव्हतं. आधी वाटलं जाळं अडकलं असेल, वाकून सोडवत असतील. थोडा वेळ थांबले. मग बघितलं की वाकलेला माणूस वर येतच नाही.

बन्सीधरमामा काठावर बसून जाळ्यातले मासे काढत होते. धरणावर सगळ्यात जुने तेच. मी म्हटलं, "मामा, ते हलंनात."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. म्हणाले, "जाळं वढायला आसंल."

"न्हाई मामा. हलंनात."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, हातातलं जाळं टाकलं आणि तराफा ढकलला. मीही चढले. मला पोहता येत नाही. सासर धरणावरचं असून आजवर एकदाही पाय ठेवला नव्हता तराफ्यावर. मामा नको म्हणाले नाहीत. नुसते म्हणाले, मधोमध बस आणि हलू नको. पाणी दोन्हीकडून वर येत होतं, लुगडं भिजत होतं, आणि मी पदराची गाठ सोडत होते. दातांनी.

जवळ गेलो. हे पालथे पडले होते. गाल थर्माकोलला चिकटलेला, एक हात पाण्यात लोंबत होता. तोच हात. पाण्याखाली तो हिरवा उजेड लुकलुकत होता, मजेत. मी आयुष्यात असं भयंकर काही बघितलं नाही.

मामांनी दोन्ही तराफे एकमेकांना लावून घट्ट धरले. मी रांगत पलीकडे गेले. हाक मारली. डोळे अर्धे उघडे होते, पण नजरेत मी नव्हते. अंगाला हात लावला तर बर्फ, आणि घामानं चिंब. कुशीवर वळवायला लागले तर हातानं मला ढकललं — ओळखलंच नाही ना! तराफा एकदम कलला. मामा ओरडले. मी ह्यांच्या अंगावरच पडून राहिले, म्हणून दोघं वाचलो.

मग गूळ तळहातावर ओला करून, बोटावर घेऊन, गालाच्या आत. पुन्हा. पुन्हा. ह्यांनी माझं बोट चावलं, रक्त आलं. काढलं नाही. मामा एका हातानं तराफा ओढत, एका हातानं वल्हं मारत काठाकडे आणत होते, आणि मी चोळत होते. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही मला. नुसतं हेच — गालाच्या आत, पाणी नको, गालाच्या आत.

काठ जवळ आला तेव्हा ह्यांचे ओठ हलले. "राजेश्री," म्हणाले. "तू पाण्यावर कशाला आलीस?"

जीपमधून जिंतूरला आणलं. तिथं बोटातून थेंब काढला. एवढा गूळ जाऊनही ४१. सलाईन लावताना रुख्मिणी सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि मला दाखवलं.

११३.

१३ डिसेंबर

डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. घड्याळ उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, उजेडानं नाडी कळते, रक्तातला ऑक्सिजन कळतो. साखर मात्र अजून कुणाला नीट मोजता आलेली नाही. मोठमोठे लोक वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागलेत, उद्या जमेलही. पण आज बाजारात टोचल्याशिवाय शुगर सांगतो म्हणणारं जे घड्याळ मिळतं, ते नुसते बरे वाटणारे आकडे दाखवतं.

बरे वाटणारे आकडे! हो. मला फार बरं वाटलं होतं.

मग डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, आधी कधी असं झालं होतं का? पाण्यावर हातपाय कापणं, अंधारी येणं? कारण शुगर पुन्हा पुन्हा उतरत राहिली की शरीर आधी खुणा करायचं सोडून देतं. वेळेवर घाम येत नाही, थरथर होत नाही, एकदम कोसळतो माणूस. ह्यांनी खाली बघितलं. म्हणाले, न्हाई, पयलीच बार.

१५ डिसेंबर

घरी आलो. भुजंग भाऊजींचा फोन आला. आत्याबाईंनी त्यांना कळवलं होतं. फोनवर रडत होते — वहिनी, मीच दिलं, मीच दिलं. त्यांनाही ह्यांची बोटं बघवत नव्हती. मी म्हटलं, तुमच्या मनात वाईट नव्हतं. ते खरंच आहे. पण फोन ठेवल्यावर माझे दात आवळलेले होते.

१८ डिसेंबर

आता हे हात न ओढता बोट पुढे करतात. कडेला टोचते. ९६. १७०. २०४. हे आकडे चांगले नाहीत, पण खरे आहेत. वर गेला की वाईट वाटतं, खाली गेला की गुळाचा डबा जवळ ओढते.

डॉक्टर म्हणाले, निदान महिनाभर एकटं पाण्यावर जायचं नाही. हे म्हणाले, मग खायचं काय? बन्सीधरमामांचं आता वय झालं, त्यांना रोज कसं म्हणायचं सोबत या?

मी म्हटलं, मी येते. आत्याबाई उठून आत गेल्या.

२० डिसेंबर

पाण्याची भीती वाटते. फार वाटते. उद्या जायचं आहे.

२१ डिसेंबर, रविवार

मध्यावर पोचल्यावर ह्यांनी वल्हं थांबवलं. माझ्याकडे न बघता बोलले.

"घड्याळ खोटं हाय हे मला पयल्याच आठवड्यात कळालं हुतं. हितंच. हातपाय कापायलेत, डोळ्याम्होरं अंधारी, आन् ते दाखवायलंय एकशे अठरा. लय बार झालं तसं. गूळ खायचो, पडून ऱ्हायचो, मग घरी यायचो."

मी विचारलं, मग घातलंत कशाला?

"तू जेवायला लागली हुतीस," म्हणाले. "ते मी माझ्यासाठी घातलंच न्हवतं."