पोपटपालनाचा समग्र इतिहास, खंड पहिला

३ जून, सकाळी ७
आजपासून ग्रंथलेखन. पोपटपालनाचा समग्र इतिहास, तीन खंड. जन्मभर दुसऱ्यांची प्रुफं तपासली, आता स्वतःचं. रोज दहा पानं. राजांनी पोपट पाळले, खलाशांनी पाळले. नीट लिहिलं कुणीच नाही. रिसर्चसाठी एक घरी आणला. बायको विचारते, त्याचं कोण करणार? इतिहासकाराला असले प्रश्न विचारू नयेत.

५ जून
एक वाक्य झालं. ‘माणूस आणि पोपट यांचं नातं फार जुनं आहे.’ भक्कम आहे. बायको दोनदा दारात येऊन काहीतरी सांगू पाहत होती. म्हटलं, आत्ता नको, काम चालू आहे.

१४ जून
पोपटाला ‘ग्रंथ उत्तम आहे’ शिकवतोय. रोज शंभर वेळा. ढिम्म. पक्षी विकणारा म्हणतो, थव्यात असता तर माणसासारखं कशाला बोलला असता? एकटा पडला की बोलेल. म्हणजे आता दुकानदार मला इतिहास शिकवणार. बायको पिंजरा पुसताना त्याच्याशी गप्पा मारत बसते. तो डिस्टर्ब होतो. तिला बंदी घातली. मध्येच काहीतरी म्हणाली. नेहमीचं उत्तर दिलं.

२ जुलै
बायको बहिणीकडे गेली. आठ दिवस म्हणाली असावी, मी वाचत होतो. बरंच झालं. आता रोज वीस पानं.

१९ जुलै
आठ दिवस जरा लांबलेत. करमत नसेल तिलाच, येईल झक मारत. पोपट छातीची पिसं उपटतोय. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, घरातलं कुणी गेलंय का? खासगी प्रश्न. पहिल्या वाक्यातलं ‘फार’ काढलं.

२५ जुलै
पोपट बोलला. ‘आत्ता नको, काम चालू आहे.’ आवाज माझा, त्यातली कटकटसुद्धा माझी. इतक्या वेळा म्हणतो मी हे? शक्य नाही.

२६ जुलै, दुपारी
बायकोला फोन केला. ताठ बोलायचं ठरवलं होतं. पहिल्याच वाक्याला म्हणून बसलो, परत ये, घर खायला उठतंय. तेवढ्यात मागून तो बोलला, तेच. घाईघाईने सांगितलं, हा मी नाही, पोपट आहे.

ती म्हणाली, “कळलं मला. ताईने तिच्या शिवणाच्या दुकानात कामाला बोलावलंय, जाऊ का, एवढंच विचारायला दारात उभी होते. नुसतं नको जाऊस म्हणाला असतात, तरी राहिले असते.”

तिने फोन ठेवताना सांगितलं, “त्याच्याशी बोलत जा. एकटा पडलाय तो.”

२७ जुलै
खुर्ची घेऊन पिंजऱ्यासमोर बसलो. आधी वाटीतलं पाणी बदललं. शेवटी विचारलं, तुलाही तिची आठवण येते का रे?

म्हणाला, आत्ता नको, काम चालू आहे.