भीमेतलं बेट

६ जानेवारी १९५८
आज बेटावर आले. केडगावच्या मिशनमध्ये वीस वर्षं स्वयंपाक केला. आता दौंडजवळच्या या बेटावरची रेल्वेची बंगली सांभाळायची. दोन्ही अंगांनी भीमा, मध्ये पांढरी स्वच्छ वाळू, कडेनं कलिंगडाचे वेल, पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या. रविवारी रेल्वेची साहेबमंडळी बायकामुलांना घेऊन पोहायला येतात. नावाडी गेणबा सांगत होता, पूर्वी इथं वाडी होती. त्याच्या आजाच्या काळात एका पुरात माणसांसकट गेली. माझी धाकटी बहीण लिडिया एकोणीस तारखेला राहायला यायची आहे. 'माझ्या घरी ये' असं आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं तिला!

९ जानेवारी
भर दुपारी पलीकडच्या काठाशी सात-आठ माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी दिसली. मासे धरत असतील म्हणून हाक मारली. कुणी हललं नाही. तासाभरानं पाहिलं, तशीच उभी. गेणबाला विचारलं तर वल्हं त्याच्या हातातच राहिलं.
"रूथबाई, तितं दोन पुरुस पानी हाय. उभं कोन ऱ्हाईल?"

१२ जानेवारी, रविवार
साहेबमंडळी आली. गाणी, हसणं, पोहणं. ती माणसं आता निम्म्या पात्रात होती, पण माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हती. परत निघताना एक तरुण गार्ड कमी भरला. संध्याकाळपर्यंत पाणी धुंडाळलं. प्रेतही मिळालं नाही.

१४ जानेवारी
गार्ड त्यांच्यात उभा आहे. डोळे उघडे.
गेणबा म्हणाला, सामान बांधा, जेवून होडी आणतो. बांधून बसले. होडी आली, उलटी, वाहत. गेणबा नाही.

१६ जानेवारी
उथळ बाजूनं चालत निघाले. गुडघाभर पाण्यात कुणीतरी घोटा धरला. गार बोटं. कशीबशी परतले. घोट्यावर पाच वळ आहेत.
गेणबाही त्यांच्यात.
लिडियाला कळवू कसं?

१८ जानेवारी
देवा, तिची गाडी चुकू दे. ती आजारी पडू दे. काहीही —

१९ जानेवारी
आली. कुणा अनोळखी नावाड्याची होडी. मी काठावरून ओरडले, परत जा, परत जा. तिला वाटलं बोलावतेय. हसली, उभी राहून हात हलवला. त्यांनी होडीच्या कडा धरल्या —

दुपार
लिडिया उभी आहे. बंगलीच्या अगदी समोर. केस ओले. रूथताई म्हणून हाक मारते. पाणी गार नाही, म्हणते. मी तिला एकटीला कशी — दार उघडलं. पायरीपर्यंत पाणी — हात पुढं केलाय तिनं, मी नुसता —