उकंडाची हजेरी

२ जुलै २००६, रविवार
दारव्ह्याहून जीपला लोंबकळत आलो, तरी खुशीत आहे. शाळेत बदली आणि वर होमगार्ड पथकाचा नायक. सतरा स्वयंसेवक आहेत: शिंपी, हमाल, शेतकरी. पूर आला की शिटी वाजवायची, हे हातातलं काम टाकून धावणार. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात कवायत झाली. बूट दोघांनाच, पण हौस दांडगी. कुंपणाला टेकून मैनाबाई नावाची म्हातारी पाहत होती. कुणाची तरी आई असेल.

९ जुलै
यादीतलं उकंडाचं नाव घेतलं. ‘हजर’ आलं, पण घोगरं, ओलं. माणसं मोजली तर एक कमी. सगळे खाली पाहत होते.

फुलचंद शिंप्याला बाजूला घेतलं, तर तो रडायलाच लागला. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कटतं, म्हणून इथे एकमेकांची हजेरी लावायची जुनी सवय. गेल्या पुरात काठावर हजेरी झाली तेव्हा, उकंडा बिडी ओढत असेल समजून, यानेच त्याच्या नावाला हजर म्हटलं. ट्रक निघाला. उकंडा नदीतल्या बाभळीवर अडकला होता, तिथूनच वाहून गेला. ‘आवाज देत असन सर, आमाले पान्यात आयकूच नाई आलं.’

१६ जुलै
नाव खोडलं. न पुकारताच ‘हजर’ आलं. मी विज्ञान शिकवतो, तरी आवारभर फिरून कोण बोललं ते शोधलं.

मैनाबाई आत आली. तिचाच तो मुलगा. म्हणाली, नाव काहून खोडलं बाप्पा, आठवड्यातून एकडाव त त्याचा आवाज येते मले. पुन्हा लिहिलं, यादीत शेवटून दुसरं, माझ्या नावाच्या वर. घरी येऊन मीही रडलो.

२३ जुलै
आज आवाज माझ्या पाठीमागून आला. सदरा ओला झाला. सर्वांना बजावलं, हजेरीला तोंडाकडे पाहायचं. हो म्हणाले. मान कुणीच वर केली नाही.

६ ऑगस्ट
पूर. पाण्यात अडकलेल्या गावातल्या लालीबाईला छपरावरून काढून काठाला लावलं. मग दोर तुटला. मी बाभळीवर. वही प्लास्टिकमध्ये होती म्हणून —

काठावर फुलचंद हजेरी घेतोय. ऐकू येत नाही, पण क्रम पाठ आहे. माझं नाव आलं की कळेल त्यांना, मी नाही ते.

उकंडाचं नाव. ‘हजर’ — माझ्या वरच्या फांदीवरून. काठावर मैनाबाईने पदर डोळ्यांना लावला. तिथेही पोचलं तर.

सगळ्यांच्या माना खाली.

माझं नाव. मी ओरडायच्या आत वरून — ‘हजर’. त्याच आवाजात. दोस्तासाठी हजेरी लावावी तशी.

फुलचंदने यादी मिटली. ट्रक सुरू. अरे, एकदा तरी वर पाहा, मी इथे