सतरा नंबरची चकती

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ताई,

बचाव पथकाच्या प्रशिक्षणात तुला पहाटे पाचला उठवून दोरावर चढवतात, हे ऐकल्यापासून आई जो भेटेल त्याला सांगत सुटली आहे की माझी मोठी हाक न मारता उठते. बाबांचा यावर अजून विश्वास बसलेला नाही. फोन फक्त रविवारचा, आणि तोही आई कानाचा सोडत नाही, म्हणून हे पत्र.

शाळेत सगळं तुझ्या वेळेसारखंच आहे. बुधवारचे शेवटचे दोन तास क्लबांचे. बागकाम मंडळाने वर्षभरात एक टोमॅटो पिकवला आणि त्याचा फोटो सूचनाफलकावर लावला. वादविवाद मंडळाची सभा आधी कोणी बोलायचं यावरच संपते. आपल्या पोहण्याच्या क्लबात मात्र आम्ही चोवीस जणी आहोत, आणि कप्तान असताना तू रंगवलेला बोर्ड अजून तसाच आहे. नव्या मुलींना तो मीच समजावते: पाण्यात उतरताना आपल्या नंबरच्या चकतीची लाल बाजू पुढे, बाहेर आलं की पांढरी. खाली तुझ्या अक्षरातली ओळही आहे, ‘आपली चकती आपल्याच हाताने.’ ‘हाताने’चा काना थोडा पुसट झालाय, एवढंच.

काल क्लबात एक अपघात झाला. गोगलगाय आठवते ना तुला? पहिलीपासून माझ्या बाकावर बसते, आणि तिचे बूट घालून होईपर्यंत आमचा डबा खाऊन होतो. ती बुडाली. म्हणजे वाचली. आम्ही सगळ्या बाहेर पडल्यावर सफाईच्या मावशी पुसणं घेऊन आत आल्या, त्यांना ती तळाशी दिसली. मावशींनी कपड्यांसकट उडी मारली. मग पोहण्याचे सर धावत आले, त्यांनी तिची छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. ती रुग्णालयात आहे, श्वास यंत्र देतंय.

सरांनी निघताना बोर्ड बघितला होता. चोवीसच्या चोवीस चकत्या पांढऱ्या होत्या. सतरा नंबरची, म्हणजे तिचीही. कशी, कोण जाणे. सगळे म्हणतात, ती बाहेर आली असेल, चकती फिरवली असेल आणि कोणाचं लक्ष नाही बघून पुन्हा उतरली असेल.

रिलेच्या संघात माझी निवड झाली आहे. हे आधी लिहायचं होतं, पण कुठे लिहावं ते कळेना.

मला फार भीती वाटते, ताई. ती बरी होईल ना?

तुझी,
धाकटी


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. ‘तू नीट जेवतेस का’ आणि ‘सतराची चकती कोणी फिरवली’, एवढे दोनच प्रश्न. दुसरा वाचला आणि ताट तसंच सरकवलं, म्हणून पहिल्याचं उत्तर आपोआप ‘नाही’ झालं.

आधी बाकीचं सांगते. तलावाच्या दाराला कुलूप लागलंय. सरांना घरी बसवलंय. त्यांनी मुख्याध्यापिका बाईंना लिहून दिलं की मी बोर्डावर विसंबलो, डोकी मोजली नाहीत, चूक माझी. आता सोमवारी, तेवीस तारखेला दहा वाजता चौकशी आहे. क्लबातल्या प्रत्येकीला एकेक करून आत बोलावणार आहेत. सर राहणार की जाणार ते तिथेच ठरेल.

गेल्या सोमवारी गोगलगायीची आई शाळेत आली होती. मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात उभी राहिली आणि मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, कळलं हिला. मी चौकटीला धरूनच उभी राहिले. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “बाळ, तिच्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास झाला. नियम मोडायची नाही गं ती, कशी काय मोडला कोण जाणे. सरांना सांग, आम्हाला फार वाईट वाटतंय.”

ती माफी मागत होती, ताई. माझी.

मग म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय की ओळखीचे आवाज कानावर पडू देत. तेव्हापासून रोज शाळा सुटली की मी तिच्या खाटेशी बसते आणि बोलते. भूगोलाच्या बाईंचा चष्मा त्यांच्याच पर्समध्ये सापडला, टोमॅटो कोणीतरी खाल्ला, असलं काहीबाही. तिची आई दाराशी बसून ऐकते आणि मध्येच हसते. परवा यंत्र काढलं. ती आपली आपण श्वास घेते, पण डोळे उघडत नाही.

चकती मी फिरवली.

सरांनी रिलेची यादी खिशात ठेवली होती. बोर्ड पांढरा झाल्याशिवाय बाहेर लावणार नाही म्हणाले. आम्ही तेवीस जणी केस पुसून तयार, आणि ही नेहमीप्रमाणे शेवटची. ती शिडीशी होती, पायरीवर पाय होता, आता निघेलच असं वाटलं. मी जाता जाता हात लांब केला आणि चकती फिरवली. सरांनी मान वर केली, बोर्ड बघितला, शिट्टी वाजवली. आम्ही सगळ्या यादीकडे धावलो. मी माझं नाव तीनदा वाचलं.

तूही माझी फिरवायचीस, आठवतं? मी केस पुसत बसायचे आणि तू बोर्डाशीच उभी असायचीस. ओळ तूच लिहिलीस आणि मोडायचीसही तूच. तुझ्यावर ढकलत नाहीये. पण आठवतं.

कोणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच.

तुझी,
धाकटी


२३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळचे साडेनऊ

प्रिय ताई,

हे मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावरून लिहिते आहे. गुडघ्यावर वही धरली आहे, अक्षर सांभाळून घे.

शनिवारी तुझं पत्र आलं. ‘वेडे, ती बाहेर निघते आहे असं वाटून तू फिरवलीस. चूक झाली, पण मुद्दाम नाही केलंस. माझ्याकडूनच शिकलीस, म्हणून अर्धी चूक माझी. सोमवारी एवढंच सांग, ते समजून घेतील.’ किती मायेने लिहिलंस. मी ते पत्र भूगोलाच्या पुस्तकात घालून ठेवलं आणि दोन दिवस ते पुस्तक उघडलं नाही. कारण मी तुला खोटं लिहिलं होतं.

ती निघत नव्हती. शिडीला धरून ती मला म्हणाली, “माझी लालच राहू दे हं, एका दमात एक लांबी मारून बघते.” तिलाही संघात यायचं होतं. तिचा दम कमी पडतो, म्हणून सगळ्या गेल्यावर ती गुपचूप सराव करते, हे फक्त मला माहीत होतं. मी मान डोलावली. तिने खोल श्वास घेतला आणि पाण्याखाली गेली. आणि मी चकती फिरवली. ती पाण्यात आहे हे बघून, चकती हातात धरून, फिरवली. यादीसाठी. तू फिरवायचीस तेव्हा मी कोरडी होऊन तुझ्या शेजारी बसलेली असायचे. अर्धी चूक तुझी नाही, ताई. पाव भागही नाही.

आणखी एक आहे. लिहायला हात धजत नाही, पण आता निम्मं ठेवून चालणार नाही. रोज तिच्या खाटेशी बसून मी टोमॅटोच्या गोष्टी सांगत होते, आणि मनात एकच घोकत होते, की उठू नकोस. निदान सोमवारपर्यंत तरी उठू नकोस. दाराशी तिची आई बसलेली, आणि मी तिच्या मुलीच्या उशाशी बसून हे घोकत होते. मी एवढी वाईट असेन असं मला कधी वाटलं नव्हतं. मला आता सगळ्यात जास्त भीती माझीच वाटते.

काल दुपारी तिने डोळे उघडले. तिची आई आनंदाने परिचारिकेला बोलवायला धावली. खोलीत आम्ही दोघीच. ती माझ्याकडे बघत राहिली. बोलता येत नाही अजून, ओठ नुसते हलतात. मग चादरीवरचा उजवा हात तिने हळूच उचलला, तळवा वर केला, पुन्हा पालथा घातला. एकदाच. परिचारिका म्हणाली, अशा हालचाली होतात, त्यांना अर्थ नसतो. तिची आई रडत मला मिठी मारत होती, तुझ्या आवाजाने उठली म्हणत होती.

तिला आठवतं की नाही, मला माहीत नाही. आणि ते आता विचारत बसायचं नाही असं ठरवलंय. तिने बोलावं आणि मग मी कबूल करावं, म्हणजे ते कबूल करणं कसलं.

सर माझ्या शेजारी बसले आहेत. बिनशिट्टीचे सर मी पहिल्यांदाच बघते आहे, गळा कसा मोकळा मोकळा दिसतो. मघाशी त्यांनी विचारलं, घाबरलीस का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, “घाबरू नकोस. तुला काही होणार नाही. मी आहे ना.” त्यांना वाटतं, मी साक्ष द्यायला घाबरते आहे.

मला तोंड उघडायचं आहे. पण मी स्वतःला ओळखून आहे. आत सगळे मायेने विचारतील, पाणी देतील, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटेल. ‘मला काही माहीत नाही’ हे चार शब्द किती सोपे आहेत. गेले तीन आठवडे मी तेच बोलते आहे.

म्हणून हे पत्र आत जायच्या आधी शिपाईमामांच्या हातात देते आहे. टपाल घेऊन ते पावणेदहाला निघतात. गुरुवारपर्यंत तुला मिळेल. मिळताच शाळेत फोन कर, रविवारची वाट बघू नकोस, पथकाच्या साहेबांच्या पाया पडावं लागलं तरी पड. मुख्याध्यापिका बाईंना विचार, माझ्या धाकटीने काय सांगितलं. मी सांगितलेलं असेल तर काही बोलू नकोस, फोन ठेव. नसेल, तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. माझ्यावर दया करू नकोस.

शिपाईमामा पिशवी उचलताहेत.

सतरा नंबरची चकती जिने फिरवली ती,
तुझी धाकटी