दोन धूर

३ ऑक्टोबर

शेगडी फुटली! सकाळी जर्दाळूचं लाकूड सारलं आणि मागच्या अंगाने मोठा तडा गेला. बघता बघता घर धुराने भरलं. माझी लेक मीरिम डोळे चोळतच शाळेत गेली. आपा — माझी सासू — खोकत बाहेर आली आणि पहिलं वाक्य काय? "सोळा वर्षं झाली या घरात येऊन, तुला अजून ओलं-सुकं सरपण कळत नाही!"

शेगडी चाळीस वर्षांची, सासऱ्यांनी बसवलेली. पण फुटली कशाने? तर माझ्या हाताने.

सासूचं नाव सुनेने तोंडावाटे काढायचं नसतं. मी कधी काढलं नाही. इथे लिहिते. सोनुन. सोनुन. सोनुन! बरं वाटलं.

४ ऑक्टोबर

नवऱ्याला, नुर्दीनला, फोन केला. मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं. "कुठलीही घे गं, मला काय विचारतेस!" खरंच, त्याला काय विचारायचं? चार हिवाळे रशियात काढले त्याने. घर मात्र त्याचं. आईबापाचा विस्तव धाकट्या मुलाकडे राहतो, आणि हा धाकटा. विस्तव त्याचा, फुंकायचा मी.

७ ऑक्टोबर

आपाबरोबर बाजारात गेले. शेगड्या घडवणाऱ्या उलार उस्ताकडे दोन तऱ्हेच्या शेगड्या होत्या. एक पातळ पत्र्याची. दुसरी जुन्या जाड पाइपातून कापलेली, वर रोट्यांसाठी कप्पा. "वहिनी, पत्र्याची चटकन तापते, चटकन निवते," उस्ता म्हणाला. "ही जाडी तापायला वेळ घेते. पण पहाटे राख उकरून बघा, निखारा सापडणारच."

दाराला काच असलेलीही एक होती. मी तिच्यासमोर जरा रेंगाळले.

"काच कशाला? विस्तव काय सिनेमा आहे बघायला?" — आपा. उस्ता हसला. मीही हसले, काय करणार!

मी जाडीवर हात ठेवला. आश्चर्य म्हणजे आपाने मान हलवली. मग म्हणाली, "ही एक. आणि ती पत्र्याची एक."

"दोन कशाला, आपा?"

"अंगणातल्या खोलीला."

उस्ताने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने हातोडी उचलली. त्याला कळलं. मलाही कळलं. आमच्या गावात घरं धुरावरून मोजतात. इतके धूर म्हणजे इतकी घरं. एका अंगणातून दुसरा धूर निघाला की समजायचं, कुणालातरी वेगळं काढलं.

घरात माणसं तीन. आपा, मी, मीरिम. वेगळं कोणाला काढणार? आपा स्वतःला तर नक्कीच नाही.

८ ऑक्टोबर

विचारायचं ठरवलं. विचारलं नाही. भित्री ती भित्रीच.

१२ ऑक्टोबर

शेजारची शेकेर दूध न्यायला आली आणि उंबऱ्यात घुटमळली. "कुमुश, तुला सांगू की नको...?" सांगायचंच होतं तिला! नुर्दीनने तिकडे दुसरा निकाह केलाय. मुलगा आहे, आठ महिन्यांचा. पहिला बर्फ पडायच्या आत तिघं इथे येणार, कायमची. "आणि सोनुन-आपाला उन्हाळ्यापासून माहीत आहे हं."

उन्हाळ्यापासून! म्हणजे आम्ही दोघी छपरावर जर्दाळू वाळवत होतो तेव्हा. शेजारी बसून बिया फोडत होतो, ती मला गरगरीत बिया वेचून देत होती, तेव्हा. मला वाटलं होतं, म्हातारी मऊ झाली.

मुलगा! मग माझी तेरा वर्षांची मीरिम कोणाच्या खिजगणतीत?

आणि जाडी शेगडी मी निवडली. माझ्या हाताने, चांगली ठोकून बघून, सवतीसाठी!

१५ ऑक्टोबर

आपा अंगणातल्या खोलीला चुना लावतेय. सत्तरीची बाई, स्टुलावर चढून! "बघत काय उभी राहिलीस, बादली धर." धरली. स्वतःच्या हकालपट्टीला स्वतः बादली धरणारी मीच पहिली असेन.

धीर करून विचारलं, "ही खोली कोणासाठी, आपा?"

"लागेल त्याच्यासाठी."

एवढंच. चुना माझ्या डोळ्यात उडाला. बरं झालं, रडायला निमित्त मिळालं.

१९ ऑक्टोबर

भावाला फोन केला. "ये की, घर तुझंच आहे," म्हणाला. मागून वहिनीचा आवाज — "किती दिवसांसाठी?" फोन ठेवला.

अंगणातली खोली तर अंगणातली खोली. पण सवतीचा विस्तव रोज समोर बघायचा? मीरिमला काय सांगू?

२४ ऑक्टोबर

शेगड्या आल्या. उस्ताने आधी अंगणातल्या खोलीत पत्र्याची बसवली, काड्या टाकून धुरांडं चालतंय का पाहिलं. निघाला दुसरा धूर! शेकेर कुंपणावर कोपरं टेकून बघत होती. दुपारपर्यंत गावभर झालं असणार.

मोठी घरात बसली. मी सरपण घेऊन गेले तर आपाने हात धरला. "थांब. मेंढी कापू, मग पेटवू."

कळलं! नवी सून आली की पहिल्यांदा विस्तवात चरबी घालते, तेव्हा ती त्या घरची होते. मीही घातली होती, बोटं भाजली होती. "विस्तवाला काही ही पसंत पडलेली नाही," आपा तेव्हा चार बायकांत म्हणाली होती. आता पसंत पडणारी येतेय, म्हणून तोवर आम्ही कुडकुडायचं! मीरिम म्हणाली, "आजी, थंडी वाजते." आपाने स्वतःची रजई तिच्या अंगावर टाकली, पण काडी ओढली नाही. मला तिचा राग येतो. इतका राग मला नुर्दीनचाही येत नाही, ही माझी आणखी एक मूर्खपणाची गोष्ट.

२७ ऑक्टोबर

उद्या येणार. बोचकं बांधलं. माझं आणि मीरिमचं, दोन्ही मिळून एकच झालं.

२८ ऑक्टोबर

सकाळी मेंढी कापली. आपाने मला आत बोलावलं आणि शेपटाच्या चरबीचा तुकडा माझ्या हातात ठेवला. शेगडी पेटवलेली होती.

"घाल."

"मी? मी तर सोळा वर्षांपूर्वीच—"

"ती शेगडी फुटली. ही नवी. घाल लवकर, ते यायच्या आत."

घातली. विस्तव भसकन वर आला. आपाने माझं बोचकं सोडून कपडे फळीवर लावले. मग नुर्दीनचा जुना कोट आणि बूट काखोटीला मारून ती अंगणातल्या खोलीकडे निघाली. दारात थांबली. "बाळ आहे म्हणून तिकडे शेगडी तरी घेतली. चटकन तापते, चटकन निवते. शोभेल तुझ्या नवऱ्याला."

आज तिचं नाव लिहायला हात धजत नाही.