अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडलेला आईचा आवाज

अंबाजोगाई,
१९ फेब्रुवारी २००६

प्रिय शिवकन्या,

फोनवर मी फायलीचं काढलं की तू म्हणतेस, "नेट खराब असेल, दादा." मी "असेल" म्हणतो आणि आपण पोरांच्या शाळेवर येतो. आज तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून भरदुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून कागद घेऊन बसलोय.

तिकडे अमेरिकेत बसवेश्वररावांनी आईची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, हे फार चांगलं केलं. कॅसेट आता चालत नाही म्हणालीस. म्हणजे सात वर्षांपूर्वी दवाखान्यात तू टेप केलेला तिचा आवाज त्या एका फायलीतच उरला. ती मेलमध्ये मावेना, तेव्हा एकाच्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुकड्यातुकड्यांनी उतरते तशी त्यांनी ती ठेवली. घेणारे दोघं, मी आणि सोलापूरचा आपला महांतेश. देणारा एकच, तुमच्या घरचा कॉम्प्युटर.

पाच दिवसांत अठ्ठ्याण्णव टक्के आली. पुढे मात्र हलेना. थोडं यायचं, 'डेटा खराब' अशी ओळ यायची, आलेलं टाकून दिलं जायचं आणि पुन्हा मागणं सुरू. मी लाइनवाल्याशी भांडलो. वायर बदलली. सगळी फाइल पुसून पहिल्यापासून उतरवली. पुन्हा अठ्ठ्याण्णव. गिऱ्हाईक आलं तरी माझं लक्ष त्या आकड्याकडेच. शिवलीला म्हणाली, "आवो, दोन टक्क्यांनी काय बिघडतंय? जेवून तरी घ्या."

शेवटी कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या बिभीषण सरांना बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं. फाइल ठेवताना प्रत्येक तुकड्याची खूण तयार होते. तुकडा इकडे पोचला की ती खूण ताडून बघतात, जुळली नाही तर तुकडा फेकून देतात. मग त्यांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. म्हणाले, "मल्लिकार्जुनशेठ, लाइन खराब असती तर दर खेपेला येगळा तुकडा बिघडला असता. हितं तेच चार हायत, एकाला एक लागून. फाइल ठेवल्यावर तिला कुनीतरी हात लावलाय." महांतेशला फोन केला. त्याचेही नेमके तेच चार अडलेले.

सर गेल्यावर मी आलेलं ऐकलं. एकेचाळिसाव्या मिनिटापर्यंत आई नांदूरघाटच्या बाजाराचं बोलते, सुंदरबाईच्या सुनेचं बोलते, मध्येच हसते. मग सव्वा मिनिट काहीच नाही. त्यानंतर तुझा आवाज येतो, "पाणी घे, आई," आणि तू रडलेली आहेस हे आवाजावरून कळतं. तेवढं सव्वा मिनिट तू पुसलंस, शिवा. मी ऐकू नये म्हणून पुसलंस. त्या खुणांचं तुला ठाऊक नसणार. मी रागावलो नाही. पण तू मला जे कळू द्यायचं नाही म्हणून पुसलंस, ते मला तेव्हापासून माहीत आहे.

त्या दिवसांत आई एकच विचारायची, घरी कधी नेतोस. डॉक्टर मान हलवायचे आणि मी तिला रोज "उद्या" म्हणायचो. तीनदा म्हणालो. चौथ्या दिवशी माझ्याच्यानं म्हणवेना. मी गेवराईला माल आणायला गेलोय असा निरोप तुला धाडला. गेलो नव्हतो. तू टेप करत होतीस तेव्हा मी वॉर्डच्या दाराबाहेर, चपला काढून भिंतीला टेकून उभा होतो. दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. दोनदा कडीला हात लावला. चौथ्यांदा "उद्या" म्हणायचं तरी कसं, हे सुचेना. चपला घातल्या आणि जिना उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

हे सात वर्षांत मी शिवलीलालाही सांगितलेलं नाही. ते सव्वा मिनिट तुझ्याकडे कुठे जपून ठेवलेलं असेल तर पाठव, मी ऐकेन. पण फायलीतूनच गेलं असेल तर ते आता फक्त तुझ्यामाझ्या कानात आहे, आणि माझं आता विसरायला होतं. बाजारचं सामानसुद्धा लिहून न्यावं लागतं. म्हणून हे पत्र. आईचं बोलणं ऐकलं तसं खाली लिहितोय. काही चुकलं असेल तर तू नीट कर. ती म्हणाली होती, "मल्लू कावून आला न्हाई गं? त्याला म्हनावं, न्हाई नेलं तरी चालंल घरी. पर तोंड तर दाखवून जा."

तुझाच, आणि तिचाही,
मल्लूदादा