लाल पायांचा पक्षी

हुडकेश्वर, नागपूर
४ नोव्हेंबर २०२४

ती. सिंधूताईस,
शालिकचा सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मार्चात लकव्याचा झटका आल्यापासून बोलताना ऐन वेळी शब्दच पळतो. परवा सूनबाईला, हर्षाला, चष्मा मागायचा तर 'विळा दे' म्हणालो. गुणाची पोर, हसू दाबून चष्मा आणून दिला. धंतोलीच्या डॉक्टरांनी रोज हातानं लिहायला सांगितलंय.

म्हणून शाळेच्या पोरांसाठी एक रजिस्टर लिहितोय. इंग्रजी शब्द, आणि समोर आपल्या घरातला शब्द. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण 'वेडर' म्हणजे 'पाणथळीतला पक्षी' एवढं सांगून पुढं गेलो. पोरांच्या गावातच तळं, त्यांना त्यातून काय कळलं असेल, कप्पाळ! आता दोनच पानं उरली आहेत. एक चिखलातल्या पक्ष्यांचं, दुसरं चाळण्या-पाखडण्याचं; दोन्हींचे इंग्रजी शब्द वर्णनासकट सोबतच्या कागदावर लिहिलेत. तू तळ्याकाठी नांदलीस, सूप तुझ्या हातचं. माझ्याजवळचे शब्द संपायच्या आत तुझे धाड.

माया आहेच, तशीच राहू दे.
तुझा शालिक

*

सोनटेकडी
१५ नोव्हेंबर

चि. शालिकले ताईचे अनेक आशीर्वाद.

तुह्या इंग्रजाचं एका 'सिफ्ट'मंधी भागते काय गा? आपलं नाही भागत बाप्पा! पीठ चाळतो, चाय गाळतो, तांदूळ पाखडतो, सूप आडवं फिरवून खडे घोळतो, अन् खळ्यावर वारं पाहून धान उफनतो. पाचही लिव, मास्तरकी करून एकही खाऊ नको.

पक्ष्यांसाठी तळ्यावर जाऊन बसली. शेपटी हालवत चिखल टोचते तो तुहा सँडपायपर, आपला तुतवार. स्नाइप म्हनजे पानलावा. हेरॉनातली ती मातकट, जागची हालत नाही, ते ढोकरी. अन् काळ्या पंखाचा, काडीसारख्या लंब्या लाल पायाचा तू स्टिल्ट लिवला, त्याले लालटांग्या लिव.

दवाईच्या गोया येळेवर घेत जा.
तुही ताई

*

हुडकेश्वर
२७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझे शब्द उतरवून घेतले. उफणणीपाशी तर हर्षालाही थांबवून वाचून दाखवलं. पण त्या लालटांग्यापाशी मन खातंय. माझ्या कानात 'शेकाट्या' वाजतो. लहानपणी माहेरच्या तळ्यावर आपण दोघं त्याच्यामागे चिखलात धावतोय, तू तोच शब्द ओरडतेस, असं लख्ख दिसतं.

खरं सांग, हा शब्द आहे ना? नसेल तर माझं डोकं आता आपल्या मनानं शब्द घडवायला लागलंय. मग हे रजिस्टर पोरांच्या हाती कोणत्या तोंडानं देऊ? आपल्या घरात विचारायला आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तू म्हणशील ते खरं.

वाट पाहतो.
शालिक

*

सोनटेकडी
६ डिसेंबर

चि. शालिकले आशीर्वाद.

नाही गा. असा शब्द मी काई आयकला नाही. लालटांग्याच लिव. डोक्याले ताप देऊ नको. जवसाची चटणी धाडली आहे, गरम भाकरीसंगं खाजो.

तुही ताई

*

हुडकेश्वर
१७ डिसेंबर

ताई,

बरं झालं, सांगितलंस. कालपासून रजिस्टर उलटं-सुलटं चाळतोय. यातले आपले शब्द कुठले आणि मी घडवलेले कुठले, कसं निवडू? तो चिखल, तू ओरडतेस ते, तेही झालं नसेल मग. मला फार भीती वाटते गं. रजिस्टर बंद केलं. पोरांना खोटं शिकवणार नाही. चटणी छान होती.

शालिक

*

सोनटेकडी
२९ डिसेंबर

बाबू शालिक,

मी पापीन आहो. तुहा शब्द खरा आहे. चिखलही खरा, मी ओरडत होती तेही खरं.

तुह्या भाटव्याचे, माह्या मालकाचे, पाय त्या पक्ष्यासारखेच लंबे, बारीक. सासरचं पुरं गाव त्याइले त्याच नावानं हाका मारे. नवऱ्याचं नाव तोंडी आनू नये, सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं. मंग पक्ष्याचंही सोडलं. लालटांग्या माहा मीच केलेला शब्द, पन्नास वर्षं एकटी म्हनत आली. ते जाऊन बारा वर्षं झाली तरी लिवताना हात अडला. तू येवढं खोदून इचारलं, अन् मी लाजेपायी 'नाही' लिवून बसली. आग लागो त्या लाजेले!

घे, आता लिवते. शेकाट्या. शेकाट्या. शेकाट्या. तुहं डोकं साबूत आहे. रजिस्टर उघड गा.

तुही ताई

*

धंतोली, नागपूर
१२ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना हर्षाचा सा. न.

तुमचं पत्र काल मिळालं. बाबांना आठ तारखेला दुसरा झटका आला. तेव्हापासून आम्ही इथं दवाखान्यात आहोत. डोळे उघडे असतात, उजवा हात गेला, बोलणं पूर्ण बंद आहे. डॉक्टर म्हणतात, यापुढं आशा धरू नका.

रजिस्टर राहिलं नाही, आत्याबाई. नाताळात रद्दीवाला आला तेव्हा बाबांनी आपल्या हातानं नेऊन त्याच्या काट्यावर ठेवलं. मी आडवी आले तर माझ्यावर पहिल्यांदा ओरडले.

तुमचं पत्र त्यांना तीनदा वाचून दाखवलं. तो शब्द आला की माझ्या तोंडाकडे बघत राहतात, कधी ऐकलाच नसावा तसे. तुमच्या आवाजात ओळखतील असं मला उगाच वाटतं. या, आणि एकदा त्यांच्यासमोर म्हणा.

तुमची हर्षा

*

सोनटेकडी
१९ जानेवारी

चि. सौ. हर्षास आशीर्वाद.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. पन तुले आधीच सांगून ठेवते वं. तुहं पत्र आल्यापासून तळ्यावर जाऊन तो शब्द म्हनून पाहून राहिली. आजूबाजूले कोनी नसते. तो पक्षी समोर पान्यात उभा राहते. कागदावर लिवलं गेलं, पन तोंडातून निंगत नाही. ओठ हालतात अन् थांबतात.

त्याच्या खाटेजवळ बसीन. त्याची जीभ गेली अन् माही वळत नाही. नाहीच आलं तं तूच त्याच्या कानात म्हन, अन् ताईनं सांगितलं म्हन.

तुही आत्या